फोटोतली बाई अनोळखी नव्हती

तांते हर्मिना,

शनिवारी तुला पोचवायला आले होते, पण बोलले नाही. तुझा भाचा रॉय दोनदा माझ्या खुर्चीपाशी आला. "आर्काइव्हतर्फे तू बोल ना, तिला तेच आवडलं असतं," म्हणाला. मी मानेनं नाही म्हटलं. माझं डच रडताना मोडतं, आणि तुझ्यासमोर मोडकं बोलायची माझी इच्छा नव्हती.

मग विद्यापीठातर्फे मार्टेन बोलला, आमचा विभागप्रमुख. नीट कपडे, नीट कागद, नीट वाक्यं. "या बाईंनी आमच्या संग्रहाला एक मौल्यवान भेट दिली," असं म्हणाला. मी मागच्या रांगेत दात आवळून बसले होते. भेट कसली? तू काही भेट दिली नव्हतीस. शेजारणीकडे घराची किल्ली ठेवावी तशी तू ती एकतीस खोकी आमच्याकडे ठेवली होतीस. किल्ली ठेवून घेणारी शेजारीण त्या घराची मालकीण होत नाही, हे तू मार्टेनला त्याच्या तोंडावर सांगितलं होतंस. तेव्हा तो हसला होता. शनिवारी तू पेटीत होतीस, म्हणून त्याला ते भेटीचं वाक्य परत म्हणता आलं.

नंतर पांढऱ्या कपड्यांतल्या सहा जणांनी तुझी पेटी खांद्यावर घेतली आणि नाचत नेली. चार पावलं पुढे, दोन मागे, पुन्हा पुढे. मी असं कधी पाहिलं नव्हतं. रॉय म्हणाला, आमच्या सूरिनामी लोकांत माणूस सरळ निघून जात नाही, जायला कुरकुर करतो. मला ते तुझ्या बाबतीत फारच पटलं. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, तांते. तुझ्यामागून मी शेवटपर्यंत चालले.

जे तिथे बोलले नाही ते आता मराठीत लिहिते आहे. तुला मराठीचा शब्दही कळत नव्हता. पण मी पुण्याला आईशी फोनवर बोलत असले की तू समोर बसून ऐकायचीस आणि "थांबू नकोस, मला चाल कळते," म्हणायचीस. सुरुवातीला मी तुझ्याशी आदरार्थी बोलायचे. तूच म्हणालीस, तांते म्हण. तांते म्हणजे मावशी, आणि मावशीला आम्ही अगंतुगंच करतो.

आपली पहिली भेट काही गोड नव्हती. मी तेव्हा विद्यापीठात नवी होते. नीउ-व्हेनेपहून रोज गाडीनं यायचे, नवरा हूफडॉर्पच्या त्याच्या ऑफिसात, मुलगी शाळेत. माझं काम होतं आर्काइव्हचा नवा कॅटलॉग बांधायचं, म्हणजे तळघरातली प्रत्येक वस्तू संगणकावर कुठल्या नावानं सापडेल, हे ठरवणारी सिस्टीम तयार करायचं. पुण्यात मी विमा कंपन्यांसाठी हेच करायचे. वस्तू बदलल्या, रकाने तेच, असं मला वाटायचं.

तू वाचनकक्षातल्या माझ्या टेबलाशी आलीस. डोक्याला पिवळा रुमाल, हातात फोटोचा छापील कागद. तुमच्या सूरिनाममधल्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतल्या, कुणा डच अधिकाऱ्याच्या घराण्यानं आपले जुने अल्बम विद्यापीठाला दिले होते, त्यातला शंभर वर्षांपूर्वीचा फोटो. व्हरांड्यात उभी एक काळी बाई, कडेवर गोरं बाळ. खाली आमच्याच कॅटलॉगातलं शीर्षक होतं : 'अनोळखी —, साहेबांच्या मुलासह.' मधला शब्द, काळ्या बायकांना हिणवायचा, मी आजही लिहीत नाहीये. तू रागावशील. त्याबद्दल पुढे बोलते.

"ही अनोळखी नाही," तू म्हणालीस. "ही माझी आजी. याकोबा. आणि हे बाळ तिचं नाही. तिचं स्वतःचं बाळ त्या वेळी शेजारणीकडे होतं. ते बाळ म्हणजे माझी आई."

मी सॉरी म्हटलं आणि मग जे म्हणाले त्याची मला अजून लाज वाटते. म्हणाले, "शीर्षक मूळ अल्बममधलं आहे, ते बदलता येत नाही. आणि दुसरं नाव लिहायला सिस्टीममध्ये रकानाच नाही."

"ही सिस्टीम कुणी केली?"

"मी."

तू खुर्ची ओढलीस आणि बसलीस. "बरं झालं," म्हणालीस. "मला वाटलं देवानं केली असेल. तुझ्याशी बोलता येईल."

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तीस वर्षं काम केलेली बाई होतीस तू. चादरींच्या ढिगातून डाग नेमका कुठे आहे हे तुला लांबून कळायचं. माझा डाग तू पहिल्या पाच मिनिटांत शोधलास.

मी मार्टेनकडे गेले. तो म्हणाला, सहानुभूती आहे, पण पुरावा लागेल, नाही तर उद्या कुणीही येऊन कुणालाही आजी म्हणेल. मी तुला तसंच सांगितलं, जरा गुळगुळीत करून. तू शांतपणे म्हणालीस, "पुरावा तुमच्याच तळघरात आहे."

तेव्हा मला त्या एकतीस खोक्यांची गोष्ट कळली. तुमच्या सूरिनामी मंडळाची जागा नगरपालिकेनं बंद केली, तेव्हा सगळं जपायला म्हणून तू ती विद्यापीठात आणली होतीस. सभांची टिपणं, लग्नांचे फोटो, स्वयंपाकाच्या वह्या, घडीचे रुमाल, आणि तू स्वतः घरोघरी जाऊन, चुलीशेजारी टेप ठेवून भरलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या कॅसेटी. करारात तू एक वाक्य हट्टानं घालून घेतलं होतंस : आमच्या लोकांना यातलं काहीही बघायला, ऐकायला कारण सांगावं लागणार नाही. सहा वर्षं झाली होती. खोक्यांवर 'प्रक्रियेत' अशी चिठ्ठी होती. ऐकायचं तर अर्ज, अर्जात संशोधनाचा विषय, शिवाय कुठल्या संस्थेतर्फे तेही लिहायचं.

"माझ्या आईचा आवाज ऐकायला मला कुठली संस्था लागते?" तू विचारलंस.

मी अर्जावर माझं नाव घातलं. संस्था : हेच विद्यापीठ. विषय : कॅटलॉगातली चूक.

आर्काइव्हकडे कॅसेट वाजवायचं यंत्र होतं, पण ते बिघडलेलं. तू तुझं घरचं यंत्र भाजीच्या चाकाच्या पिशवीत घालून बसनं आणलंस. वाचनकक्षात पाचसहा विद्यार्थी होते. कर्मचारी हेडफोन घेऊन आला. तू ते बाजूला ठेवलेस. "हेडफोन एकट्याला ऐकायला असतात," म्हणालीस, आणि बटण दाबलंस.

आधी भांड्यांचा आवाज आला. मग तुझी आई, तिच्या आईकडून ऐकलेलं सांगताना. ती तुमच्या भाषेत बोलत होती आणि तू वाक्यावाक्याला थांबवून डचमध्ये सांगत होतीस, मला नाही, सगळ्या खोलीला. साहेबांनी एक दिवस फोटोवाला बोलावला. बाईसाहेब म्हणाल्या, याकोबा, स्वच्छ रुमाल बांध. याकोबानं तो बांधला. तुमच्याकडे डोक्याचा रुमाल म्हणजे बोलणं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. घडी कशी घातली यावरून बायका एकमेकींना निरोप देतात. याकोबानं त्या दिवशी जी घडी बांधली होती तिचं नाव होतं, 'बोलू दे त्यांना.'

तू फोटो उचलून धरलास. रुमालाचं टोक मागून वर आलेलं, सुरीसारखं ताठ. शंभर वर्षं तो फोटो साहेबाच्या घराण्याच्या आणि मग विद्वानांच्या हातून फिरला होता आणि त्या बाईनं साहेबाच्या कॅमेऱ्यात बघून काय सांगितलं ते कुणालाच वाचता आलं नव्हतं. एक विद्यार्थिनी उठून जवळ आली. मग सगळेच आले. हेडफोनवाला कर्मचारीसुद्धा.

या चुकीवर विद्यापीठाची समिती बसली तेव्हा एक प्राध्यापक म्हणाले की तोंडी साक्षीत आठवण दगा देऊ शकते. तू म्हणालीस, "मान्य. माझी आई चुकली असेल. पण ज्यानं 'अनोळखी' लिहिलं त्यानं विचारलंच नव्हतं. न विचारणाऱ्यापेक्षा चुकणारी बरी." मार्टेननं टिपण घेतलं. महिन्याभरानं मला नवा रकाना करायची परवानगी मिळाली : माणसाचं नाव, ते सांगणाऱ्याचं नाव, आणि सांगितलेलं त्याच्याच शब्दांत.

आणि तिथेच आपलं भांडण सुरू झालं, तांते, जे तू अर्धं टाकून गेलीस.

मला ते जुनं शीर्षक पुसायचं होतं. तू म्हणालीस, पुसू नकोस. मी म्हणाले, शाळेतलं पोर शोधायला येईल आणि आधी तो शब्द वाचेल. मी काही पुस्तकी बोलत नव्हते. माझी इरा अकरा वर्षांची. घरी माझ्या स्क्रीनवर तो शब्द तिनं वाचला आणि इंग्रजीत विचारलं, "आई, तुझं ऑफिस माणसांना असं म्हणतं?" मी स्क्रीन बंद केली. तू म्हणालीस, "पुसलंस तर दहा वर्षांनी ते म्हणतील, आम्ही असं कधी लिहिलंच नव्हतं. डाग धुवायचा असतो, पण आधी दाखवायचा असतो, कुणी पाडला ते." मी म्हणाले, तुला बोलायला सोपं आहे, ती तुझी आजी आहे म्हणून तू तो शब्द पचवू शकतेस. हे मी फार वाईट बोलले. तू पिशवी उचलून गेलीस आणि तीन आठवडे आली नाहीस.

शेवटी मी जुनं शीर्षक खाली लपवलं, मागितलं तरच उघडेल असं. मला तो मध्यममार्ग वाटला. तू परत आलीस, बघितलंस आणि म्हणालीस, "तू त्यावर दार लावलंस, सुयाता." माझं नाव तू नेहमी सुयाताच म्हणायचीस. अजूनही मला तुझं म्हणणं पूर्ण पटलेलं नाही. पण या मजकुरात तो शब्द लिहायला माझा हात धजत नाही, तेव्हा मला स्वतःलाच विचारावं लागतंय, मी हे कुणाच्या लाजेसाठी करते आहे?

त्या रकान्यामुळे बुधवारची दुपार सुरू झाली. दर बुधवारी खोकं उघडायचं, कॅसेट लावायची, ज्यांना यायचं त्यांनी यायचं, कारण विचारायचं नाही. म्हातारी माणसं डबे घेऊन यायची. वाचनकक्षात खाणं मना आहे, म्हणून कॉरिडॉरमध्ये खायची. मी तिथे बसून नावं टाइप करायचे. नवरा म्हणायचा, तुझ्या कामाच्या करारात हे कुठे आहे? मी म्हणायचे, नाहीच आहे.

अशाच एका बुधवारी तू माझं आडनाव विचारलंस. शिरगावकर म्हणजे काय? मी म्हणाले, आजोबांच्या गावाचं नाव. तू मान डोलावलीस आणि सांगितलंस की गुलामी संपली तेव्हा तुमच्या खापरपणजोबांना आडनाव वाटून मिळालं, मालकाच्याच नावातली अक्षरं उलटीपालटी करून. मग माझ्याकडे बघितलंस. "आणि शिरगावकरच्या आधी काय होतं?"

"काही नाही," मी म्हणाले.

ते खोटं होतं, तांते. आधी कांबळे होतं. आजोबा महारवाड्यात जन्मले. शाळामास्तर झाले, आणि पोरांना वर्गात कुणी वेगळं बसवू नये म्हणून शाळेच्या दाखल्यावर गावाचं नाव लावलं. वडील त्या नावावर पुण्यात वाढले, नोकरीला लागले, मी त्या नावावर इथवर आले. हूफडॉर्पच्या मराठी मंडळात पहिल्याच दिवाळीला एक बाई माझं आडनाव ऐकून खूश झाली. "अगं बाई, म्हणजे तू आमच्यातलीच," म्हणाली. मी हसले. पाच वर्षं हसत राहिले. मी भ्याले होते असंही नाही. या देशात मला कोण काय करणार होतं? सवय होती. जी दुसऱ्यांचे लपवलेले शब्द उघडे करायला दर बुधवारी बसायची, तिनं स्वतःचं नाव दाराआड ठेवलं होतं, आणि तू विचारलंस तेव्हाही उघडलं नाही.

माझ्या आजीचा एकही फोटो नाही. सोनाबाई तिचं नाव. चुकीचं नाव लिहायलासुद्धा तिचा फोटो कुणी काढला नाही. हे मला तुला सांगायचं होतं. कितीदा ओठांवर आलं. मग वाटायचं, आज नको, आज तुझी कॅसेट लागली आहे, आज गर्दी आहे.

शेवटची भेट तुझ्या घरी. खिडकीपाशी पलंग, तुला दम लागत होता. मी भात आणि वरण आणलं होतं, तू दोन घास खाल्लेस आणि मीठ कमी आहे म्हणालीस. पुढच्या बुधवारी कुठली कॅसेट लावायची यावर बोललो. मी निघताना तू हात धरलास. मला वाटलं काही मोठं सांगशील. तू म्हणालीस, "मार्टेन वाईट माणूस नाही. त्याला फक्त सवय आहे, आम्ही दमून सोडून देतो याची." आणि हात सोडलास. मी आभार मानायला हवे होते. मी म्हणाले, मंगळवारी फोन करते. सोमवारी तू गेलीस.

आता नंतरचं सांगते.

शनिवारी तुला पोचवून घरी आले. रविवारी मराठी मंडळाची कार्यक्रमाची बैठक होती. चहा चालू असताना दिवाळीतल्या त्या बाईंनी कुणा नव्या जोडप्याला माझी ओळख करून दिली, "ही शिरगावकर, आपल्यातलीच." मी म्हणाले, "काकू, आमचं मूळ आडनाव कांबळे. आजोबा महारवाड्यातले." मी आवाज चढवला नाही. कुणीतरी बिस्किटांची बशी सरकवली. काकू म्हणाल्या, "अगं, आता कुठे कोण हे मानतं." मी म्हणाले, "मग सांगायला हरकत नाही." इरा शेजारी बसली होती. गाडीत तिनं विचारलं, म्हणजे आपण कांबळे? मी हो म्हटलं. तिनं डचमध्ये विचारलं, मग हे मला आधी का नाही सांगितलंस? तिच्याशी ते बोलणं अजून चालू आहे.

सोमवारी मार्टेननं बोलावलं. करारावर सही करणारी व्यक्ती आता हयात नाही, तेव्हा बुधवारची दुपार तूर्त थांबवावी, फेरविचार होईपर्यंत. चेहरा खरोखर दुःखी होता त्याचा. मी करार बरोबर नेला होता. तुझं ते वाक्य वाचून दाखवलं. "यात हर्मिनाच्या लोकांना असं नाही, आमच्या लोकांना असं आहे," मी म्हणाले. "ते हयात आहेत." तो म्हणाला, त्याला कायदेशीर मत घ्यावं लागेल. मी म्हणाले, घे. तोवर करार लागू आहे, आणि किल्लीसाठी माझी सही चालते. तू मला कामावरून काढू शकतोस, ते मला माहीत आहे, पण बुधवार परवा आहे.

त्यानं कराराची प्रत काढून घेतली. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

मी रॉयला फोन केला. रॉयनं किती जणांना केला कुणास ठाऊक. काल बुधवारी वाचनकक्षातल्या खुर्च्या पुरेनात. लोकांनी कॉरिडॉरमधून आणल्या, मग व्याख्यानाच्या खोलीतून. टिलबर्गहून एक बाई आली होती, तुझ्या वयाची, पहिल्यांदाच. तिच्या मांडीवर सुपरमार्केटची पिशवी होती, आणि पिशवीत जुने फोटो, रबरानं बांधलेले. ती म्हणाली, हे कुणाला दाखवायला मला कधी धीर झाला नाही, विद्यापीठात आमचं काय काम असं वाटायचं. कुठला अर्ज भरायचा?

मी म्हणाले, अर्ज नाही. तुम्ही सांगा, मी लिहिते.

तिनं पहिला फोटो टेबलावर ठेवला. सतरा-अठरा माणसं होती त्यात. तिनं डावीकडच्या पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि नाव सांगितलं. मग दुसऱ्या. तिसऱ्यापाशी अडखळली, तर मागून कुणीतरी नाव सांगितलं. पाचव्या नावावर दोघांची जुंपली, मी दोन्ही लिहिली. कर्मचारी दारात येऊन घड्याळ दाखवू लागला, कक्ष पाचला बंद होतो. त्याच्यामागे मार्टेन उभा होता, कोट घालून, घरी निघालेला.

पाच वाजून गेले. फोटोतली अजून नऊ माणसं राहिली होती. कुणी उठलं नाही.

— सुजाता